मॅडमच्या गाडीचं जड स्टेअरिंग

गॅरेज चालवणाऱ्या माणसाला गोष्टी शोधत फिरावं लागत नाही. लोक गाडी घेऊन येतात, गाडी दुरुस्त होऊन जाते, गोष्ट मात्र आमच्याकडेच राहते. हनीफभाई आणि मी, लातुरात बऱ्याच वर्षांचे भागीदार. ते इंजिन बघतात, मी वायरिंग. आमच्याकडे साठलेल्यांपैकी बऱ्याच गोष्टी हसण्यावारी नेण्यासारख्या आहेत. ही लाल गाडीची मात्र अजून सांगताना तळहाताला घाम येतो.

गाडी दोन सीटची, स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी, की आमच्या गल्लीच्या स्पीडब्रेकरवर पोट टेकलं आणि चौघांनी फळ्या लावून ती आत घेतली. मालकीण नांदेडच्या डॉक्टर मॅडम, भूल देणाऱ्या. मंगळवारी आणि शुक्रवारी लातूरला ऑपरेशनसाठी येत, स्वतः गाडी चालवत.

"स्टेअरिंग मधेच जड होतं," त्या म्हणाल्या. "पिवळा दिवा लागतो, गाडी वळत नाही. बंद करून सुरू केली की ठीक."

"रोज होतं?"

"नाही. कधीतरी."

हनीफभाईंनी हात पुसले. "मॅडम, रोजचा रोग सांगा, लगेच धरतो. कधीतरीचा पार्ट बाजारात भेटत न्हाई!"

मॅडम हसल्या नाहीत. तेव्हाच मला जरा चुकल्यासारखं वाटलं.

*

अशा गाडीत स्टेअरिंगला एक मोटर असते. आपण चाक फिरवलं की ती हाताला मदत करते. मोटर थांबली की सगळा भार आपल्या खांद्यावर. सरळ रस्त्यावर कळतही नाही, वळणावर कळतं.

स्कॅनर लावला. जुना एक कोड होता, करंट कमी पडल्याचा. बॅटरी तपासली, चांगली. चार्जिंग चांगलं. कोड पुसला आणि दोन दिवस गाडी गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेभोवती फिरवली, लोण्यासारखी वळत होती. मी जॉबकार्डावर लाल पेनानं "ओके" लिहिलं, खाली रेघही मारली.

पुढच्या शुक्रवारी मॅडमचा फोन आला, अहमदपूरच्या अलीकडून.

"पुन्हा झालं. समोर उसाचा ट्रॅक्टर होता. मी आता शेतात उभी आहे."

"लागलं का मॅडम?"

"नाही. ऑपरेशनला उशीर होणार, हे आधी तिकडे कळवलं. मग तुम्हाला फोन केला."

आवाज अगदी शांत होता. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

गाडी परत आली आणि सल्ले देणारेही आले. देवणीचे एक पाटील त्यांचा पिकअप दाखवायला आले होते. घरी चांगली जनावरं राखून असलेला माणूस. त्यांनी लाल गाडीभोवती दोन चकरा मारल्या.

"बैल वळंना झाला की आम्ही आधी मान बघतो," ते म्हणाले. "खांदा दुखत असंल त्याचा."

मी पार स्टेअरिंगचा कॉलम, म्हणजे गाडीची मानच, उघडून बघितला. पाटलांचं ऐकून नव्हे, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून!

मग मोठ्या शहरातल्या एका इंजिनिअर साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. ते म्हणाले, "फॉल्ट चालू असताना गाडी आणा. फॉल्ट नसेल तर आम्हाला काही दिसणार नाही."

हनीफभाई भडकले. "म्हणजे पेशंट मरून राहिला की आणा म्हणतेत!"

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. "आमच्याकडेही असं म्हणणारे आहेत," त्या म्हणाल्या.

*

दुसऱ्यांदा आम्ही काही सोडलं नाही. एकेक कनेक्टर हलवला, फ्यूज बदलले. रेणापूरच्या खराब रस्त्यानं गाडी मुद्दाम आदळत नेली. दिवा लागला नाही. मी पुन्हा "ओके" लिहिलं, या वेळी रेघ न मारता.

आठवड्यानं मॅडम त्यांच्या मिस्टरांसोबत आल्या. परत तेच झालं होतं, आणि या वेळी रस्त्याकडेला शाळेची पोरं चालत होती.

मिस्टर म्हणाले, "विकून टाक ना ही गाडी."

"कुणाला?" मॅडमनी विचारलं. "ज्याला विकीन, त्याच्या रस्त्यावर पोरं नसतील का?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "कांबळे, दोनदा तुम्ही ओके लिहिलंत. आता लिहाल तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून लिहा."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. दुपारचा डबा मी गॅरेजातच खातो, त्या दिवशी तो तसाच घरी नेला. बायकोनं, सुनंदानं, तो उघडून बघितला आणि परत बंद केला.

*

तिसऱ्या खेपेला मी बॉनेट उघडलं, दहा नंबरचा पाना घेतला आणि सवयीनं बॅटरीच्या टर्मिनलला लावला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "हे काय करताय?"

"बॅटरी सुटी करून राहिलो. वायरिंगला हात लावायच्या आधी आम्ही हे करतोच. वस्तादाची शिकवण हाय."

"प्रत्येक वेळी?"

"हाव. काम झालं की परत घट्ट बसवतो."

"म्हणजे तुम्ही आधी औषध देता आणि मग नाडी बघता!"

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. हनीफभाई खाटेवरून उठले आणि टर्मिनलकडे वाकून बघायला लागले. त्यांनी बोट पुढं केलं, तर मी त्यांचा हात धरला. "भाई, हात लावू नका!"

*

मीटरची एक वायर बॅटरीच्या खांबाला, दुसरी त्यावर आवळलेल्या क्लॅम्पला. त्या दोघांमध्ये काहीच दिसायला नको; व्होल्ट दिसले, तर जोड ढिला. मीटर माझ्या मांडीवर, मॅडम स्टेअरिंगवर. एसी चालू, हेडलाइट चालू, निघालो औशाच्या रस्त्याला. सगळा वेळ आकडा शून्याजवळ. पाच वळणं गेली.

सहाव्या वळणाला मॅडमनी वेग कमी केला, चाक फिरवलं, आणि आकडा उडाला.

"दोन व्होल्ट!" मी ओरडलो. "मॅडम, दोन व्होल्ट!"

"कांबळे, समोर एसटी आहे!"

मी वर बघितलं. काचेत दुसरं काही नव्हतं, नुसती लाल एसटी होती. मॅडम दोन्ही हातांनी, दात आवळून चाक ओढत होत्या. मीही एक हात घातला. एसटी आरशाला चाटून गेली आणि आम्ही मुरमात थांबलो. पिवळा दिवा अजून लागलेलाच होता.

मॅडमनी इंजिन बंद केलं.

"मी मरायला लागले होते," मॅडम म्हणाल्या, "आणि तुम्ही खुश होऊन ओरडत होतात."

खोटं कशाला बोलू? होतोच मी खुश.

परत येऊन टर्मिनल उघडलं. कुणीतरी कधीतरी बारीक खांबाची बॅटरी बसवली होती आणि क्लॅम्प ढिला पडतो म्हणून मधे पत्र्याची पट्टी कोंबली होती. आम्ही दर वेळी सोडून घट्ट बसवायचो, चार दिवस ती नीट धरायची. मग हादऱ्यानं ढिली व्हायची आणि वळणावर मोटरला करंट अपुरा पडायचा.

हनीफभाई डोक्याला हात लावून बसले. "लई भारी कारीगर आपण, कांबळे. दर खेपेला गाडी बरी करून राहिलो, आणि आपल्यालाच पत्ता न्हाई!"

*

योग्य मापाची बॅटरी आणली, नवा क्लॅम्प टाकला. चार दिवस रोज तेच वळण, तोच एसी, तेच हेडलाइट. आकडा हलला नाही. शुक्रवारी दुपारी मॅडम गाडी न्यायला आल्या. मी जॉबकार्ड घेतलं, पेन काढलं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं. हात चालेना.

"लिहा ना," हनीफभाई म्हणाले.

मी पेन खिशात ठेवलं. घर गॅरेजच्या मागंच आहे. दारातून हाक मारली, "सुनंदा, चल. औशापर्यंत जाऊन येऊ. या गाडीत."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. गाडीकडे बघितलं, मग मॅडमकडे, मग माझ्याकडे.

"हीच का ती? जिच्यापायी डबा परत आला?"

"हाव."

"आता झाली का नीट?"

"बस तू," मी म्हणालो.

ती आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग घराला कुलूप लावून ती थेट मॅडमकडे गेली आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

"पोरगी पाचला क्लासहून येती," ती म्हणाली. "आम्ही न्हाई आलो तर तिच्याकडं द्या."

आणि गाडीत येऊन बसली.