तीन हात पॉलिश

गल्लीत त्यांना पॉलिशकाका म्हणत. खरं नाव कागदोपत्री होतं आणि तिथेच राहिलं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या टेबलखुर्च्यांना लाखेचा चपडा आणि स्पिरिटचं पॉलिश केलं. त्याच चाळीस वर्षांत त्यांनी आपल्या दोन खोल्यांत जगभरच्या अनोळखी माणसांनी घडवलेल्या जुन्या लाकडी वस्तूही आणून भरल्या.

सुरुवात एका मुखवट्यापासून झाली. एका निवृत्त बोटवाल्याचं कपाट पॉलिशला आलं होतं, त्याच्या तळच्या खणात तो निघाला. कुठल्याशा बेटावरचा, काळाकुट्ट, नाक तुटलेला. मालक म्हणाला, फेकून द्या. काकांनी घरी आणला. सागाच्या तुकड्यातून नाक कोरून बसवलं, भेगांत लांबीचा लगदा भरला, पॉलिश पेपर मारला आणि वर तीन हात पॉलिश चढवलं. मूळचा तो भुताखेतांना घाबरवायला केलेला असावा. आता एखाद्या बँकेच्या मॅनेजरसारखा दिसू लागला. पाहुण्यांना तो फार आवडे.

मग काकांना नादच लागला. जुन्या बाजारातून, भंगारातून, परदेशाहून परतलेल्यांच्या माळ्यांवरून वस्तू येत राहिल्या. थंड मुलखातली लाकडी बाहुली, मेलेल्या माणसाशेजारी ठेवायचा घोडा, रानातल्या कुणा मुखियाची बसकी तिवई. विकणारा जो देश सांगेल तो काका मान्य करीत. त्याबाबत त्यांनी कधी वाद घातला नाही. वाद फक्त लाकडाच्या अवस्थेबद्दल असे, आणि तोही घरी आणून मिटवला जाई. होता होता दीडशेच्या वर वस्तू झाल्या आणि सगळ्या एकसारख्या चमकू लागल्या.

बायको एकदा म्हणाली, “लग्नाला आल्यासारखं नटवून बसवलंय तुम्ही सगळ्यांना. कुणी रडायला आलेलं असेल तर?”

काकांनी त्यावर विचार केला नाही. हातात पॉलिशचा बोळा असताना ते विचार करत नसत.

एक वस्तू मात्र तिने त्यांच्या हाती लागू दिली नाही. पसाभर आकाराचा, दगडासारखा जड लाकडी पक्षी होता तो. चोच अर्धी, एक बाजू जळून कोळसा झालेली. काका स्पिरिटची बाटली घेऊन आले तेव्हा ती म्हणाली, “याला हात लावायचा नाही. घरात एक तरी म्हातारं म्हातारं दिसू दे.” आणि तिने तो स्वयंपाकघराच्या दाराला लावून ठेवला. चौकट खचल्यामुळे ते दार आपोआप मिटे. सव्वीस वर्षं ती तो पक्षी पायाच्या अंगठ्याने पुढे-मागे सारत आली. तीन वर्षांपूर्वी ती गेली. पक्षी दाराशीच राहिला.

आता काकांचे गुडघे जिना मानेनात. मुलीने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. तिच्या घरी एक पलंग आणि एक ट्रंक एवढी जागा होती. या महिन्याअखेर खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. काकांनी दीडशे वस्तूंचा विषय काढला, तर ती म्हणाली, “बाबा, मी तुम्हाला न्यायला आलेय, तुमच्या वऱ्हाडाला नाही.”

म्हणून काकांनी संग्रहालयाला पत्र लिहिलं. पैसे नकोत, फक्त सगळं एकत्र ठेवा, एवढंच मागणं. पत्राचं उत्तर येईल असं मुलीला वाटलं नव्हतं. काकांना वाटलं होतं, आणि एका सकाळी संग्रहालयातल्या बाई खरोखर आल्या. त्यांच्यासाठी काकांनी आदले आठ दिवस बसून प्रत्येक वस्तूला एकेक ताजा हात मारला होता. खोलीत स्पिरिटचा असा वास कोंडला होता की बाईंना बसण्याआधी खिडकी उघडावी लागली.

बाईंनी हातमोजे चढवले, भिंग काढलं. पहिल्या मुखवट्यापाशीच बराच वेळ गेला. नाक कुणी बसवलं, हे त्यांनी विचारलं. मीच, काका म्हणाले, आणि सांधा कुठे आहे ते दाखवून द्या, असंही म्हणाले. बाईंना सांधा सापडला नाही. आधी वर रंग होता का? होता की, पोपडे सुटलेले, घासून काढले. काजळी? ती तर बोटभर. कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या तेल चोपडलं होतं. तीनदा स्पिरिटने धुतलं तेव्हा कुठे लाकूड दिसलं. काका खुशीत सांगत होते. बाईंचं पेन थांबलं आहे हे आधी मुलीच्या लक्षात आलं. तिने उगाचच चहाखालचा गॅस बारीक केला.

“काका,” बाई म्हणाल्या, “आम्हाला तेच तर हवं असतं. ते तेल, ती काजळी, कुणाचा हात कुठे लागला ते. हे सगळं आता एकाच माणसाचं काम झालंय.”

“कुणाचं?”

“तुमचं.”

क्षणभर काकांना ती शाबासकी वाटली.

मग ते खाली बसले. बाई पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे वळल्या आणि दारातच थबकल्या. पाणी विसरून त्या पक्ष्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. पंधरा मिनिटं त्यांनी तो भिंगातून न्याहाळला. शेवटी म्हणाल्या की हा घराच्या खांबावरचा पक्षी असावा. ते घर जळलं असावं, आणि कुणीतरी एवढंच बाहेर काढलं असावं. भिंगाखाली त्यांनी पाठीवरची एक गुळगुळीत खोलगट जागा दाखवली. “ही झीज मात्र अलीकडची आहे.”

“बायकोचा पाय,” काका म्हणाले.

बाईंनी तेही वहीत लिहून घेतलं. हा एकच आम्ही घेऊ, म्हणाल्या, आणि आहे तसा ठेवू.

मुलगी पुढे झाली. “बाबा, हा नका देऊ. ट्रंकेत मावेल. आईचा आहे.”

काका आपल्या बोटांकडे पाहत होते. टोकं चपड्याने कायमची तांबूस झालेली होती.

“म्हणूनच देतोय,” ते म्हणाले. “तुझ्याकडे मला दुपार रिकामीच असणार. एखाद्या दुपारी मी याला घासीन गं. मी मला ओळखतो.”

बाईंनी पक्षी कापडात गुंडाळला आणि नेला. उरलेल्यांसाठी सोमवारी जुन्या बाजारातला माणूस यायचा होता. एवढा चकाचक माल हॉटेलवाले हातोहात उचलतात, असं त्याने आधीच कळवलं होतं.

स्वयंपाकघराचं दार मिटलं. काका उठले. सगळ्यांत जड म्हणून त्यांनी मुखियाची तिवई आणून दाराला लावली आणि पुन्हा खुर्चीत बसले. दार हलकेच सरकू लागलं, आणि गुळगुळीत फरशीवरून ती चकचकीत तिवई, जराही आवाज न करता, त्याच्यापुढे घसरत गेली.