विहिरीतलं इंजिन

डिझेलच्या धुराचा वास आला की कडेगावची आमची विहीर आठवते. बहात्तरच्या उन्हाळ्यात तिचं पाणी खोल गेलं आणि घरच्या नळाला करंगळीएवढी धार उरली. मिस्त्री म्हणाला, "पंपाला पाणी लांब पडतंय, मालक. इंजिन आन् पंप विहिरीतल्या कट्ट्यावर उतरवा. पर धुराला वरपतोर पाइप लावा, न्हाईतर धूर आतच कोंडंल." मी उसळलो, "पाइप खपवायला आलायस व्हय रं?" "ऱ्हायलं," म्हणत त्यानं पाने पिशवीत भरले; जाताना विहिरीत एकदा वाकून पाहिलं. मी पाइपाशिवायच इंजिन उतरवलं. सकाळी धाकट्या भावानं ते सुरू केलं आणि तेल घालायला तो खालीच थांबला. नळाला मनगटाएवढी धार आली, आईनं भराभर हंडे लावले. मी काठावरून ओरडलो, "गड्या, ये आता वर!" खालून नुसती इंजिनाची धडधड आली. आम्ही त्याला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता. इतकी वर्षं झाली, मिस्त्रीवरचा माझा राग उतरलेला नाही. मी तापट आहे, प्रत्येक गोष्टीत घासाघीस करतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. मग एकदाच सांगून तो गप्प का बसला?