लिव्हर बंद, इंजिन चालू

पेणच्या खाडीकाठच्या त्या गावात सगळे सांगत, वहिनींचं पाणी उपसायचं डिझेल इंजिन झपाटलंय. दोन वर्षांपूर्वी त्यांचा नवरा त्यानेच घेतला. डिझेलचा लिव्हर बंद केला तरी इंजिन थांबेना. तो अडवायला पुढे झाला आणि पट्ट्यात सापडला. तेव्हापासून शेतातलं खारं पाणी उपसणं बंद. रोह्याहून मला बोलावलं तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "मेस्तरी, त्या दिवशी काय झाला ता मना सांगा. दुसरा काय नको."

भुताखेताच्या गप्पांनी माझं टाळकंच सरकतं. काळा धूर ओकायचं म्हणे, म्हणजे डिझेल अर्धवट जळत होतं, बस! रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या माझ्या वर्कशॉपात पिस्टनच्या माथ्यावरची वाटी मी लेथवर नव्याने कोरली, म्हणजे आत येणाऱ्या हवेला गिरकी मिळेल. डिझेल फवारणारं बारीक भोकांचं नोझल बसवलं. डिझेल हवेत नीट मिसळलं की पुरतं जळतं आणि इंजिनाची ताकद वाढते.

भर दुपारी शेताच्या बांधावर हँडल मारलं. धूर जवळजवळ नाहीच. मी मिशीतल्या मिशीत हसलो.

मग आवाज चढायला लागला. लिव्हर ओढला, तरी चढतोच. चिडून डिझेलची नळीच उपटली. नळी माझ्या हातात, डिझेल बोटांवरून गळतंय, आणि ते धूड निळा धूर सोडत आणखी जोरात धावतंय! खोटं कशाला बोलू, मी दोन पावलं मागे सरलो. वहिनी मात्र हात जोडून इंजिनाशी बोलत होत्या, नवऱ्याशी बोलावं तशा.

"अवो, बास झाला. थांबा आता."

अंगावर सरसरून काटा आला. पायाशी ओलं गोणपाट होतं, ते उचलून इंजिनाच्या हवा ओढायच्या तोंडावर दाबून धरलं. इंजिन दोन आचके देऊन थांबलं.

हवेचा फिल्टर उघडला. धूळ अडवायला त्याच्या तळाशी तेल असतं, खुणेच्या रेषेपर्यंत. इथे अजूनही रेषेच्या चार बोटं वर होतं. इंजिन डिझेलऐवजी तेच ओढून जाळत होतं. माझा जीव भांड्यात पडला आणि तोंड सुटलं.

"भूत कसलं डोंबलाचं! एवढं तेल ओतलं कोणी? कोण हा शहाणा?"

वहिनी खाली बसल्या.

"मीच," त्या म्हणाल्या. "खारा वारा आत जाव नये म्हनून. त्या दिवशीपन मीच भरलेला. ते बोलले व्हते, कमी भर गो. मी आयकला नाय."