फोमच्या कारखान्यातली मुतारी

जे झालं त्याला वसंतकाका जबाबदार. माझा सख्खा काका, आमच्या कारखान्याचा फोरमन. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकदा किस्से सुरू झाले की तुम्ही हसाल आणि विसराल. आम्हीही तेच केलेलं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत गाद्यांचा फोम बनवायचो आम्ही. जुने चार जण चहाला बसले की किस्सा निघतोच, आणि सगळे किस्से मुतारीचे!

*

मी एस.वाय.ला कॉलेज सोडलेलं. काकाने कामाला लावलं आणि आईला म्हणाला, "वहिनी, पोराला माणसात आणतो."

त्याच महिन्यात फोम फुगवायचं नवीन केमिकल आलं. स्वस्तातलं. ड्रमवरचं इंग्रजी लेबल काकाने स्वतः ब्लेडने खरवडलं. झाकण उघडलं की सुक्या मासळीचा भपकारा! मिक्सरवर माझा जोडीदार दामू, बाळकुमचा कोळी. तो म्हणाला, "काका, आमचे आयचे टोपलीला पन एवरा वास नाय!"

नाकाला रुमाल लावून दारातूनच काका म्हणाला, "मग तुला रे कसला त्रास? घरच्यासारखं वाटेल."

सगळे हसले. मीही.

*

मुतारीला जायचं तर पितळी बिल्ला घेऊन जायचं. अख्ख्या शिफ्टला बिल्ले दोन. त्यावरून रोज शिव्या, एकदा तर मारामारी. नवीन ड्रम आले आणि महिन्याभरात दोन्ही बिल्ले खिळ्यावर नुसते लटकलेले. कोणाला जायचंच नसायचं!

मॅनेजर खूश. "वसंतराव, काय डिसिप्लिन आणलीत!"

"वळण लावावं लागतं, साहेब," काका म्हणाला.

*

मग दुसरं सुरू झालं. जो आत जाईल तो बाहेरच येईना. पॅकिंगचे कदमअण्णा एकदा वीस मिनिटं उभे. दामू बाहेरून ओरडला, "अण्णा, मोटर लावू काय?"

आतून आवाज आला, "लाव बाबा! पोट फुगलंय म्हणजे टाकी भरलेली असणार. नळच येत नाही!"

*

प्रत्येकाला वाटायचं, हे आपल्या एकट्यालाच झालंय. कुठलातरी घाणेरडा रोग. बोलायचं कोणाशी? एका रविवारी मी गुपचूप खडवलीला गेलो, एका वैदूकडे. बाकावर कदमअण्णा बसलेले. त्यांच्या पलीकडे दामू.

"काय रे, इकडे कुठे?"

"गुडघा, अण्णा. तुम्ही?"

"माझाही गुडघाच."

दामू म्हणाला, "माझा पन."

तेवढ्यात वैदूने आतून हाक मारली, "लघवीवाले तिघं एकदमच या!"

*

वैदूच्या पुड्यांनी काही झालं नाही. शेवटी दामूने मला डोंबिवलीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं.

"लागली की कळतं का?" बाईंनी विचारलं.

"नाय."

"मग जाता कधी?"

"पँट ओली झाली की!"

मी फिस्सकन हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर एक फुगा काढला. "ही लघवीची पिशवी. भरत आली की हिच्यातल्या नसा मेंदूला कळवतात. तुमच्या त्या केमिकलने नसाच बधिर केल्यात. पिशवी ताणली जातेय, पण कळवणारं कोणी नाही. आत्ता थांबलात तर बरंचसं परत येईल. उशीर केलात तर मी काही सांगू शकत नाही."

त्यांनी कारखाने तपासणाऱ्या ऑफिसला पत्र लिहिलं. निघताना म्हणाल्या, "साहेब येतील तेव्हा निदान दोघांनी तरी बोला. एकट्याचं कोणी ऐकत नाही."

*

मी घरी काकाला सांगितलं. जेवत होता. हातातला घास खाली न ठेवता म्हणाला, "बोल की. सगळ्या कल्याण-डोंबिवलीला कळू दे. मग तुला मुलगी कोण देतं ते बघू!"

*

आता शेवटचा. हा कारखान्यात अजून सांगतात, नव्या पोरांनाही.

तपासणीचे साहेब आले. आम्हाला ऑफिसात रांगेत उभं केलं. टायपिस्ट बाई वही घेऊन लिहायला बसलेल्या. साहेबांनी विचारलं, "लघवीचा त्रास कोणाला आहे?"

अण्णांसकट सगळे चपला बघत उभे. दामू एक पाऊल पुढे आला. "मना हाय, साहेब. भरलेली कळतच नाय."

"अजून कोणाला?"

दामूने माझ्याकडे बघितलं. काकानेही. माझ्या पँटच्या आत फोमचा तुकडा खोचलेला, सकाळपासूनचा दुसरा.

मी म्हणालो, "साहेब, याला लहानपणापासूनच सवय आहे. याची आई अजून गोधडी वाळत घालते!"

अख्खं ऑफिस हसलं. टायपिस्ट बाईंनी तोंडाला पदर लावला. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

दामूला त्याच आठवड्यात काढलं. ते ड्रम आणखी आठ महिने चालले आणि रोज मीच ओतत होतो. माझ्या नसा परत आल्या नाहीत. दर तीन तासांनी घड्याळ बघून जातो.