ईशान्येला गेलेलं पाणी

तेव्हा घरात कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की आम्हाला धरलं नाय. मी होते. आमचे हे होते. ह्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, तिचा नवरा गेल्यापासून आमच्याकडंच राहते, ती होती. गवंडी होता. गवंड्याचा भाऊ बी यायचा, पण तो सगळा वेळ चिंचेखाली झोपलेला असायचा, त्याला मी मोजत नाय. दोन शेळ्या नि एक कोंबडी होती. पोरगा नाशकात फ्लॅटवर, सुनेसंगं. तो फोनमधी होता.

घर आमचं वणीच्या रस्त्याला, मळ्यात. आम्हीच बांधलंय. मी लग्न होऊन आले तेव्हा कुडाच्या भिंती नि वर पाचटाचं छप्पर होतं. ते एकदा वावटळीत उडालं, ते शेजारच्या कांद्यात सापडलं. मग दगडाचं बांधायला घेतलं. दगड डोक्यावर वाहिले, विहिरीचं पाणी वाहिलं, पोरगा पोटात होता तेव्हा बी वाहिलं. त्याचं काय रडायचं, सगळ्याच बाया वाहायच्या. पण आमची जमीन काळी. काळी माती उन्हाळ्यात आकसते नि पावसात फुगते. वर कोणाचं घर हाय ह्याचं तिला काय पडलेलं नसतं.

तर सैपाकघराच्या अंगाला जोत्याला भेग पडली. आधी बोट जायचं, मग हात जायला लागला, मग कोंबडी जायला लागली. ती आत बसून अंडी घालायची. मी ह्यांना म्हटलं, "ती भेग बुजवून घ्या."

हे म्हणाले, "रोज अंडं देते ती. बुजवायची कशाला?"

त्या पावसाळ्यात भेगेतून पाणी वर आलं. थेट सैपाकघरात. मी गॅस खाटंवर ठेवला, स्वतः दुसऱ्या खाटंवर बसले नि भाकरी थापल्या. परातीत बेडूक येऊन बसला तर त्याला उचलून बाहेर सोडला, परत आला, परत सोडला. नणंदेनं मात्र हळदीकुंकू आणलं. भेगेला पाच बोटं लावली नि म्हणाली, "वयनी, गंगा आली आपल्या घरी. लोक रामकुंडावर जातात, आपल्याला घरात भेटली."

मी म्हटलं, "वन्स, गंगेला शेळीच्या लेंड्यांचा वास येतोय."

"वास बघू नये. भाव बघावा," ती म्हणाली, नि त्याच पाण्यात पाय धुतले.

पोरगा आला तो बूट काढून मोज्यावर आत आला नि मोजे भिजले. माणूस उपाशी राहील, पण ओला मोजा त्याला सहन होत नाय, असा तो लहानपणापासूनच हाय. तो म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी परत पाणी आलं ना, तर घराला कुलूप. तुम्ही तिघं फ्लॅटवर. भिंत अंगावर पडायची वाट बघू काय मी?"

त्याचं बी चुकत नव्हतं. भिंत खरंच पोट काढायला लागली होती. पण फ्लॅटवर मी एकदा राहून आलेय. पाचवा मजला. खाली यायचं तर लिफ्टच्या पेटीत उभं राहायचं, ती पेटी सुटली की मी भिंत धरते. कुरडया वाळत घालायला जागा नाय म्हणून मी खाली एका गाडीच्या टपावर पांढरं फडकं टाकून घातल्या. तर गाडीवाला ऑफिसला निघून गेला. कुरडयांसकट. मला माझ्या घरातच मरायचंय, नि तोवर तिथंच राहायचंय. म्हणून मी ठरवलं, पुढचा पाऊस यायच्या आत घर कोरडं झालं पाहिजे.

उन्हाळ्यात गवंडी बोलावला. त्यानं कोंबडीला हुसकून भेग छिन्नीनं मोठी केली, धुतली, सिमेंट दाबून भरलं. काम चांगलं केलं त्यानं. कोंबडी दिवसभर त्याच्या मागं मागं फिरून बोलत होती. तिथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण सिमेंट उरलं नि ह्यांच्या डोक्यात आलं, आता अंगणात बी कोबा करू.

ह्यांना कुठल्या तरी लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या माणसानं सांगितलं होतं की अंगणाचं पाणी ईशान्येला गेलं पाहिजे, म्हणजे घरात बरकत येते. त्या माणसाचं नाव ह्यांना माहीत नाय. जिलबी मात्र त्यानं चार वेळा घेतली, म्हणून तो सुखी माणूस असणार, असं ह्यांचं म्हणणं.

गवंड्यानं मोबाईलमधी दिशा बघायचं काढलं. दोघं अंगणभर फिरले, मोबाईल असा पुढं धरून, जसं काय दिवा विझायचा. शेवटी चिंचेपाशी उभे राहिले नि ईशान्य सापडली. आता आमचं अंगण एकीकडं नि घर त्याच्या बरोबर ईशान्येला. पण हे त्या दोघांनी बघितलं नाय, कारण ते मोबाईलमधी बघत होते. मी आत पापड लाटत होते. मला वाटलं, दोन बाप्ये एवढा वेळ फिरतायत म्हणजे बघितलंच असेल.

गवंड्यानं पाण्याच्या नळीनं पातळी बघून असा उतार काढला की बघत राहावं. कोबा वाळल्यावर ह्यांनी चिंचेपासून एक लिंबू सोडलं. ते गडगडत आलं ते सैपाकघराच्या उंबऱ्याला टेकलं. दोघांनी टाळ्या वाजवल्या. गवंड्याचा भाऊ जागा झाला नि त्यानं बी वाजवल्या. मी लिंबू उचललं नि सरबत केलं.

मग वळवाचा पाऊस झाला. सगळ्या अंगणाचं पाणी लिंबाच्याच वाटेनं आलं. भरलेल्या भेगेतून थेंब आला नाय, ते खरं. पण पाणी उंबऱ्यावरून आलं नि जोत्याला बाजूला नवीन फट पाडून तिथूनही आलं. शेळ्या खाटंवर चढल्या. नणंद हळदीकुंकू शोधायला लागली. हे दारात उभे, घोटाभर पाण्यात, नि तोंडावर समाधान. म्हणतात, "बघ. बरोबर ईशान्येला चाललंय."

तेवढ्यात पोराचा फोन. "बाबा, तिकडं पाऊस हाय म्हणे. पाणी आलं का घरात?"

"कोरडं ठाक," हे म्हणाले.

"मग हे काय वाजतंय?"

"तुझी आई भांडी घासतेय."

"आणि शेळी का ओरडतेय?"

"तिला भांडी घासलेली आवडत नाय."

पोरगा म्हणाला, "पुढच्या आठवड्यात येतो मी. कुलूप घेऊन येतो."

मी उठले. पोत्याची खोळ केली, डोक्यावर घेतली नि पावसात चिंचेखाली जाऊन उभी राहिले. पाणी कुठून निघतं नि कुठं जातं ते नीट बघितलं. मग ह्यांना हाक मारली, "अहो, इकडं या. पाणी ईशान्येलाच न्यायचं ना?"

"मग काय तर."

"मग घराच्या मागं केळीपाशी न्या. घराच्या मागं बी ईशान्यच हाय."

हे लय वेळ बघत राहिले. घराकडं, मग केळीकडं. म्हणाले, "अगं, ती तर ह्याच्यापेक्षा जास्त ईशान्य हाय."

मी म्हटलं, "तेच म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. स्वतःचा उतार फोडायचा म्हणून तोंड पाडून आला. म्हणाला, "आजी, असा उतार परत माझ्या हातून व्हायचा नाय." मी म्हटलं, "नको होऊ दे, बाबा." भिंतीलगतचा कोबा फोडला. जोत्याच्या कडेनं मातीचा ओला चिखल उपसला, त्याच्या जागी मुरूम भरून धुमसानं ठोकून घट्ट केला. नवी फट बुजवली. वर सिमेंटची पट्टी केली, भिंतीकडून बाहेर उतरती. नि घराला वळसा घालून केळीपर्यंत चर काढला. घमेली मी बी उचलली. कंबर दुखली, ती तशी बी दुखतेच.

चर तयार झाला तर नणंद आडवी आली. म्हणाली, "गंगा माहेरपणाला आलेली बाई हाय. अशी हाकलून देता?" मग काय करणार. चराच्या तोंडाशी तिनं खण ठेवला, नारळ ठेवला, तांदळानं गंगेची ओटी भरली. हे म्हणाले, "जा बाई आता सासरी, सुखानं नांद." शेळीनं तांदूळ खाल्ले. गवंड्याच्या भावानं नारळ फोडून वाटला. तेवढं काम केलं त्यानं.

पोरगा आला त्या दिवशी पावसानं नुसता धिंगाणा घातला. पाणी अंगणातून आलं, भिंतीला टेकायच्या आधीच वळलं नि चरातून केळीकडं गेलं. पोरानं मोज्यावर सगळं सैपाकघर फिरून बघितलं. कोपऱ्यात उभा राहिला, वाकून फरशीला हात लावला, मग हाताचा वास घेतला. कुलूप त्याच्या पिशवीतच होतं, मला दिसत होतं. त्यानं ते बाहेर काढलं नाय. पण जाताना म्हणाला, "बघू. अजून सगळा पावसाळा जायचाय."

तेव्हापासून ढग आले की फोन येतो. मी सांगते कोरडं हाय, तर म्हणतो, "बाबाही तेच म्हणाले होते." नणंदेला इचारलं तर ती सांगते गंगा सासरी गेली, त्यानं तो जास्तच घाबरतो.

म्हणून जे कोणी हे वाचत असाल, त्यांनी एवढं करा. पाऊस चालू असताना एकदा आमच्याकडं या. सैपाकघरात खाली बसून जेवा, मी भाकरी नि पिठलं करीन. नि उठल्यावर तुमचे कपडे कोरडे हायत का ओले, ते माझ्या पोराला फोनवर सांगा.