नाना, कॅमेरा आणि सोनईची पहिली गाडी

बसमधून उतरताना प्रत्येक जण काहीतरी विसरून जातो. छत्री, डबा, नाहीतर एखादा किस्सा. छत्र्या डेपोत जमा होतात, किस्से माझ्याकडे.

मी नगर–सोनई गाडीवर कंडक्टर आहे. ड्रायव्हर भीमराव, म्हणजे सगळ्यांचे नाना. सत्तावीस वर्षांत त्यांच्या नावावर एक तक्रार नाही. रिटायर व्हायला वर्ष उरलं आणि गाडीत जीपीएस, कॅमेरे बसले. नाना धास्तावले. "ताई, हा चुगलखोर जाता जाता माझ्या नावाला डाग लावनार बघ."

*

खंडेनवमीला आम्ही गाडीची पूजा करतो. स्टेअरिंगला हार, माझ्या तिकीट मशीनला हळदकुंकू. नानांना वर कॅमेरा दिसला. चुगलखोर असला तरी गाडीचाच, म्हणून त्यालाही भरघोस कुंकू लावलं.

जेऊर येतंय तोच कंट्रोल रूमचा फोन. "गाडीत आग लागलीय का? सगळं लालभडक दिसतंय!"

नाना शांतपणे म्हणाले, "आग न्हाई साहेब, सण हाय."

*

वेग वाढला की जीपीएसचा डबा कोकलतो. पहिले आठ दिवस नाना त्याच्याशी भांडले, मग आपोआप पाय हलका झाला. बाजाराला अंडी नेणाऱ्या एक मावशी त्यांना म्हणाल्या, "नाना, ह्यो डबा लई गुनी हाय. महिना झाला, एक अंडं फुटलं न्हाई."

नाना दुखावले. "म्हंजी आधी फुटत हुती?"

"मी कधी बोलले का?"

*

गाडी कुठे पोचली ते आता मोबाईलवर दिसतं. घोडेगावहून सोनईला कामाला जाणाऱ्या सुनीतावहिनींनी तर त्यावर स्वयंपाकच बसवलाय. आमचा ठिपका इमामपूरचा घाट उतरला की शेवटची भाकरी तव्यावर. पूर्वी एक तर भाकरी करपायची, नाहीतर गाडी चुकायची.

एकदा घाटात चाक पंक्चर झालं. तासाभराने घोडेगावला पोचलो, तर वहिनी भाकरींनी भरलेली दुरडी घेऊन उभ्या. "गाडी हलंना, म्हनून मी थापतच बसले."

सोनई येईपर्यंत अख्ख्या गाडीने ठेच्याबरोबर त्या भाकरी संपवल्या.

*

थांब्याचं नाव आता तो डबाच सांगतो. आमच्या गाडीला एक अंध गुरुजी असतात. आधी ते प्रत्येक थांब्याला विचारायचे, "जेऊर आलं का?" गर्दीत मी कधी सांगायला विसरायचे, आणि ते पुढे जायचे. मला फार लागायचं ते.

घोषणा सुरू झाली त्या दिवशी ते स्वतःच उठले, दांड्या धरत दारापाशी आले, उतरले. खालून म्हणाले, "आज पहिल्यांदा कुणाला न विचारता उतरलो."

ते रस्ता ओलांडेपर्यंत नानांनी गाडी हलवली नाही. मग डब्याकडे बघून म्हणाले, "ऱ्हाऊ दे ह्याला."

*

आणि नानांचे चार महिने उरले असताना तक्रार आलीच. नगरला रात्रपाळी करून घोडेगावला परतणारा एक माणूस. त्याने लिहिलं होतं, 'सकाळची पहिली गाडी घोडेगावला थांबवलीच नाही. मला सोनईला नेले. ड्रायव्हरवर कारवाई व्हावी.'

नानांना घास जाईना. मी डेपोच्या साहेबांना सांगून पाहिलं की गाडी थांबली होती. पण मी त्याच गाडीची, माझी साक्ष कोण धरणार?

साहेबांनी आम्हा दोघांना आणि त्या माणसाला समोर बसवलं आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं.

घोडेगाव. गाडी उभी, दार उघडं, माणसं उतरतायत. मी मागच्या सीटवर त्या माणसाचा खांदा हलवतेय. तो डोळे न उघडताच हात झटकतो. मग नाना केबिनमधून उतरून मागे येतात, वाकून काहीतरी बोलतात. तो मफलर तोंडावर ओढून कूस बदलतो. नाना त्याच्या डोक्याजवळची खिडकी सरकवून बंद करतात आणि परत केबिनमध्ये जातात.

साहेबांनी रेकॉर्डिंग थांबवलं. तो माणूस पडद्याकडेच बघत होता.

"खिडकी तुमी लावली व्हय?"

नाना खाली बघत म्हणाले, "गार वारं येत हुतं."