परमाणूचा अणू

नातीच्या नव्या विज्ञानाच्या पुस्तकाला कव्हर घालताना खळीचा वास आला आणि मेहकरची शाळा आठवून आजही डोकं तापलं. छप्पन साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून दुसऱ्या राज्यात गेला होता, पुस्तकंही बदलली होती, पण मी पाठ केलं होतं थोरल्या बहिणीचं त्या राज्यातलं जुनं पुस्तक. त्यात परमाणू जोडले की अणू व्हायचा. परीक्षेत ‘अणूची आकृती काढा’ असा प्रश्न आला. मी दोन परमाणू जोडून दोन केंद्रकं काढली, भोवती इलेक्ट्रॉन फिरवले. गुरुजींनी भोपळा दिला. “आता परमाणूलेच अणू म्हन्तेत बाई, अन् अणूले रेणू!” “काऊन गुरुजी, राज्य बदललं तं अणूबी लहान झाला?” त्यावर तासभर बाकावर उभी राहिले. मघाशी टीव्हीवरच्या हिंदी बातम्यांत आपल्या अणूला अजूनही ‘परमाणु’च म्हणताना ऐकलं. म्हणजे हद्दीपलीकडे माझं उत्तर अजून बरोबर आहे!